कार्मेल मिशनचं ‘1880 सालचं’ तैलचित्र घेताय? आधी हे वाचा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि जुन्या चित्रांची आवड असलेल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. कार्मेलच्या स्पॅनिश मिशनमधल्या, म्हणजे स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या जुन्या ठाण्यातल्या, चर्चचं ‘1880 सालचं अस्सल तैलचित्र’ म्हणून एका विक्रेत्याने मला 2,800 डॉलरला चक्क छापील प्रत विकली. त्याचा धंदा अजून चालू आहे.

चित्रावर सही नव्हती. ‘एडविन डीकिनच्या शिष्याचं असणार’, असं त्याने सांगितलं. चित्रकार डीकिनने कॅलिफोर्नियातली सगळी 21 मिशनं रंगवली, हे खरंच आहे, त्यामुळे ते नाव ऐकून विश्वास बसतो. आणि ‘शिष्य’ म्हटलं की पडताळायला काहीच हाती राहत नाही! सोबत जाड कागदावर लाखेचा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र होतं, पण त्यावर सही त्याचीच. विकणाऱ्याने आपल्याच मालाला दिलेल्या दाखल्याला कवडीची किंमत नाही. पैसे थेट बँकेतून पाठवले तर दोनशे डॉलर कमी करतो, म्हणाला. ती सवलत त्याच्याच सोयीची होती. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे हरकत घेता येते, आपण स्वतः पाठवलेले पैसे परत मिळणं फार कठीण.

फ्रेम बदलायला दिली तेव्हा दुकानातल्या कारागिराने मागचा तपकिरी कागद सोलला. आत कॅनव्हास पांढराशुभ्र, कडेला स्टेपलरच्या नव्याकोऱ्या पिना. त्याने भिंग दिलं. आकाशाच्या निळ्यात छपाईचे बारीक ठिपके दिसत होते. वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून रंगाचा उठाव आणला होता, पण घंटाघराच्या कडेवर छापलेला फटकारा उभा आणि जेलचा आडवा! अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कापड निळसर चमकलं. कापड पांढरं दिसावं म्हणून वापरतात ती रसायनं 1880 साली नव्हतीच.

पण भिंग आणि टॉर्च दूरच राहू द्या, खोटेपणा चित्रातल्या छपरावरच लिहिलेला होता. हे दगडी चर्च 1797 मध्ये पूर्ण झालं. मिशनची व्यवस्था मोडल्यावर ते ओस पडलं आणि 1850 च्या दशकात छप्पर कोसळलं. 1884 मध्ये फादर कासानोव्हा यांनी देणग्या जमवून लाकडी फळ्यांचं उंच, तीव्र उताराचं छप्पर घातलं. आज पोस्टकार्डांवर दिसतं ते लाल कौलांचं बसकं छप्पर 1930 च्या दशकातलं, हॅरी डाउनी यांनी मूळ रूपाच्या अभ्यासातून उभारलेलं. म्हणजे 1880 च्या चित्रात चर्च उघडं, मोडकळीला आलेलं दिसायला हवं. माझ्या चित्रात कौलं जिथल्या तिथे!

मला पैशांइतकंच याचंही वाईट वाटतं. ओहलोनी आणि एसेलेन या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या कष्टांवर ते चर्च उभं राहिलं, त्यांच्यातले कितीतरी जण तिथेच पुरलेले आहेत. पडझडीच्या काळात ती जागा कशी होती, हे जुन्या चित्रांतून आणि फोटोंतूनच कळतं. खोटं साल चिकटवलेली प्रत त्या पुराव्यातच भेसळ करते. म्हणून चित्रावर जे साल सांगतील, त्या साली ती इमारत कशी होती ते आधी शोधा. जुने फोटो ग्रंथालयांच्या संग्रहांत फुकट बघायला मिळतात.

जाब विचारल्यावर विक्रेता म्हणाला, ‘मी त्या काळच्या शैलीतलं म्हणालो होतो.’ जाहिरातीतला मजकूरही त्याने त्याच संध्याकाळी बदलला. मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, तो जोडून एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रात आणि स्थानिक पोलिसांकडे तक्रार केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. आता त्याने सांता बार्बरा मिशनचं ‘जुनं’ चित्र विक्रीला लावलंय. माझ्या मैत्रिणीने मागचा कागद काढून फोटो पाठवा म्हटलं, तर त्याने तिला ब्लॉक केलं.