पार्लरमधल्या बिननावाच्या डबीने माझा चेहरा खरंच उजळला होता

पाच डब्या, प्रत्येकी १,२००. वर चार फेशियलचं "ग्लो पॅकेज" ४,५००. असे साडेदहा हजार पार्लरवालीकडे गेले आणि नंतर स्किनच्या डॉक्टरांची फी, औषधं, टेस्ट यात जे गेले त्याचा हिशोब मी घरात अजून कोणाला नीट सांगितलेला नाही. पैशाचं एवढंच, तो विषय इथेच सोडते. लिहायला बसले कारण मागच्या भिशीत दोघीतिघींनी विचारलं की तुझ्या चेहऱ्याला काय झालं, आणि मी "उन्हाची ॲलर्जी" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण त्यातल्या एकीचा चेहरा ट्यूबलाइटखाली तसाच चकचकत होता जसा माझा डिसेंबरात चकचकत होता.

मी सांगलीची, वय ३९. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. आई म्हणायची जायफळ उगाळून लाव, सासूबाई म्हणायच्या पोट साफ ठेव, मी दोन्ही केलं, वांग जिथल्या तिथे. मागच्या वर्षी नणंदेच्या मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं, सगळ्या पाहुण्यांसमोर जायचं, फोटो, रील, आणि प्रत्येक लग्नात एक तरी मावशी असतेच जी हनुवटी धरून म्हणते "अगं किती काळवंडलीस". तर दिवाळीच्या आधी थ्रेडिंगला गेले होते तेव्हा पार्लरवाली ताई म्हणाली, "वहिनी, वांगावर माझ्याकडे स्पेशल नाईट क्रीम आहे, आयुर्वेदिक आहे, केशराची, सगळ्यांना देत नाही." दहा वर्षं मी तिच्याकडे जातेय. तिच्या पोरीच्या बारशाला गेलेय. तिच्यावर संशय घ्यायचं डोक्यातच आलं नाही.

पांढरी प्लॅस्टिकची डबी, झाकणावर गुलाबाच्या फुलाचं स्टिकर, आत फिकट पिवळी क्रीम, वास छान. कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, कशाची बनलीय काही नाही. आणि मी ती बाई आहे जी बिस्किटाच्या पुड्यावरची एक्स्पायरी बघून दुकानदाराशी भांडते! पण चेहऱ्याला लावायचं म्हटल्यावर अक्कल कुठे गेली होती कोणास ठाऊक. पैसे जीपे केले तेव्हा ती म्हणाली नोटमध्ये क्रीम वगैरे लिहू नका, लिहायचंच तर फेशियल लिहा. तेव्हा मला वाटलं टॅक्सचं काहीतरी असेल.

आता खरी गोष्ट. चौथ्या दिवशी फरक दिसायला लागला, आठव्या दिवशी वांग निम्मे फिकट, एकदोन पिंपल होते ते बसले, स्किन अशी गुळगुळीत की मीच सारखा हात फिरवत बसायचे. लग्नात तर कमालच झाली, तीच मावशी म्हणाली "काय लावतेस गं". मी अभिमानाने सांगितलं. धाकट्या जावेला पार्लरचा नंबर दिला, ऑफिसातल्या एका मैत्रिणीला स्वतः डबी आणून दिली. म्हणजे मी फसले तर फसले, पण त्या चार महिन्यांत मी त्या बाईची फुकटातली एजंटपण झाले होते, हे लिहिताना आत्ताही कसंतरी होतंय. क्रीमचा काही उपयोग झाला नसता तर दुसरी डबी घेतलीच नसती ना, विषय संपला असता. तिने काम केलं हाच घोळ होता.

जानेवारीच्या शेवटी शेवटी फोडणी टाकताना गाल भाजल्यासारखे व्हायला लागले. स्कूटीवरून ऑफिसला पोचेपर्यंत तोंड लालबुंद. पार्लरवालीला विचारलं तर म्हणे ऊन लागलंय, रात्री थोडी जास्त लावा. मग गालांवर कानाच्या बाजूने लव वाढायला लागली, पूर्वी कधी नव्हती, त्यासाठी तिच्याकडेच फेसवॅक्स सुरू झालं, म्हणजे बघा क्रीमही तिची आणि क्रीमने आलेली लव काढायचे पैसेही तिलाच. नाकाच्या बाजूला बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. मी त्यावर कॉम्पॅक्ट लावून झाकत राहिले.

मार्चमध्ये ती गावच्या जत्रेला गेली, पार्लर आठवडाभर बंद आणि माझी डबी संपलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर चेहरा सुजलेला, लाल, पू असलेल्या बारीक पुटकुळ्या, आणि आग अशी की साधं पाणीसुद्धा सहन होईना. फोन केला तर तिचं उत्तर तयार होतं, "वहिनी घाबरू नका, आतले टॉक्सिन्स बाहेर पडतायत, क्रीम बंद केली ना म्हणून, मी आल्यावर लगेच लावा, बघा शांत होतंय." आल्यावर लावली. आणि खरंच एका रात्रीत शांत झालं! मला वाटलं किती बरोबर बोलली ही. मिस्टर मात्र चहा पिता पिता म्हणाले, "दारुड्याचे हात सकाळी थरथरतात, तेपण एक पेग घेतल्यावर थांबतात." मला त्यांचा खूप राग आला होता तेव्हा. पण डोक्यात ते वाक्य राहिलं आणि एप्रिलमध्ये मिरजेला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे गेले.

मॅडमनी भिंगासारखं यंत्र गालावर ठेवून बघितलं आणि पहिला प्रश्न, "कोणती क्रीम लावताय, किती महिने?" मी आयुर्वेदिक म्हणाले तर नुसत्या हसल्या. म्हणाल्या डबीत नक्की काय आहे ते लॅबशिवाय मी सांगणार नाही, पण तुमचा चेहरा सांगतोय की स्टेरॉइड आहे. असे पेशंट इतके येतात की डॉक्टर लोकांनी त्याला नावच ठेवलंय, टीएसडीएफ, म्हणजे स्टेरॉइडच्या क्रीमने खराब झालेला आणि त्याच्यावरच अवलंबून राहिलेला चेहरा. खाज, एक्झिमा यांसाठी जे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशा नावांचे मलम असतात तेच कोल्डक्रीममध्ये कालवून असल्या डब्या बनतात.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. स्टेरॉइड लावलं की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे चेहरा पांढरट दिसतो, सूज आणि पिंपल दबतात, रंग तयार होणंही कमी होतं, म्हणून पहिले काही आठवडे "ग्लो". पण रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होत जाते (ती काचेसारखी चमक म्हणजे पातळ झालेली कातडी होती, मी तिच्यावर हात फिरवून खूश होत होते!), लव येते, शिरा दिसतात. आणि बंद केलं की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुगतात, दबलेलं सगळं उसळून वर येतं. टॉक्सिन्स वगैरे काही नाही. पुन्हा लावलं की पुन्हा दबतं, म्हणून बाईला वाटतं क्रीमच औषध आहे आणि क्रीम सोडणं हाच आजार.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. वांगावर डॉक्टरसुद्धा कधीकधी स्टेरॉइड असलेली ट्यूब देतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि थोडं स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र. पण ती मोजक्या आठवड्यांसाठी, तपासणीला बोलावून, मग बंद. आपल्याकडे होतं काय की एकीला लिहून दिलेली ट्यूब दुसरी वर्षभर लावते, आणि मेडिकलवाला "गोरं व्हायची ट्यूब द्या" म्हटलं की तीच काढून देतो. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. पण मला स्वतःला चिठ्ठी कधी विचारलेली आठवत नाही.

मग मॅडमनी लघवीची टेस्ट लिहून दिली. मी म्हटलं चेहऱ्याचा आणि लघवीचा काय संबंध. तर असल्या बिननावाच्या क्रीममध्ये स्टेरॉइडच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी पारा पण असू शकतो. पारा त्वचेतला रंग बनायची क्रियाच अडवतो, म्हणून झटपट उजळतं, पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीवर बसतो. आपल्याकडे नियमाने साध्या कॉस्मेटिकमध्ये पारा चुकून आला तरी १ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वर चालत नाही. अकोल्याची केस तुम्हीपण पेपरात वाचली असेल, बायोटेक शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघी पार्लरमधून आणलेली एकच क्रीम लावत होत्या आणि तिघींनाही किडनीचा त्रास, शेवटी मुंबईत केईएमला क्रीम तपासली तर पारा. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही २०२३ मध्ये अशाच क्रीम लावणाऱ्या किडनीच्या पेशंटची बातमी होती. मॅडमनी विचारलं, "घरात अजून कोणी लावतं का ही?" मी ठामपणे नाही म्हटलं.

घरी येऊन सहज लेकीला विचारलं. नववीत आहे. खाली बघून म्हणाली, "मम्मी, दोनदाच. गॅदरिंगच्या आधी." माझ्या पोटात गोळा आला. तिला कोणी सांगितलं होतं गोरं हो म्हणून? कोणीच नाही. तिने फक्त मला आरशासमोर रोज रात्री बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघींची टेस्ट केली, देवाच्या कृपेने दोघींची नॉर्मल आली.

पुढचं झटपट सांगते. क्रीम बंद, औषधं सुरू, पहिले पंधरावीस दिवस अक्षरशः नरक, थंड पाण्याच्या घड्या ठेवून झोपायचे, ऑफिसला ओढणी बांधून गेले. औषधांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर कोणीतरी स्क्रीनशॉट घेऊन मेडिकलमध्ये जाईल. एवढं सांगते की स्वतःहून एकदम बंद करू नका नि स्वतःहून चालूही ठेवू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा, डबी बरोबर घेऊन. आता सहा महिने होत आलेत, लाली ऐंशी टक्के गेलीय, शिरा आहेत अजून. वांग परत आले, पहिल्यापेक्षा जरा गडदच. त्यांच्यासाठी आता साधा मॉइश्चरायझर आणि रंग असलेलं सनस्क्रीन, कारण वांग नुसत्या उन्हाने नाही, साध्या उजेडानेही वाढतात आणि त्या टिंटमधलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं. कंटाळवाणं आहे, फरक महिन्यांनी दिसतो. मॅडम म्हणाल्या वांग आठ दिवसांत जात नाहीत, गेले तर आधी घाबरायचं.

मे महिन्यात मी पार्लरमध्ये जाऊन विचारलं. भांडायलाच गेले होते खरं तर. आधी ती म्हणाली तुमचीच स्किन सेन्सिटिव्ह आहे, बाकी कोणाची तक्रार नाही. मग मी प्रिस्क्रिप्शन दाखवलं तर आवाज खाली आला. म्हणे कोल्हापूरहून एकजण मोठा डबा आणून देतो, मी फक्त छोट्या डब्यांत भरते, वर थोडं ॲलोवेरा जेल आणि व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घालते. आत काय असतं तिलाही माहीत नाही. आणि मग तिने तोंडावरचा मास्क खाली केला, कोविड संपून इतकी वर्षं झाली तरी ही मास्क का लावते हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिचे गाल माझ्यापेक्षा वाईट होते. मला काय बोलावं सुचेना, पैसे मागायला गेलेली मी तशीच परत आले.

तक्रार मात्र केली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंदवली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला लेखी अर्ज दिला. माझ्या हातात काय होतं तर अर्धी वापरलेली डबी, बिल नाही, लेबल नाही, आणि जीपेवर माझ्याच हाताने लिहिलेलं "फेशियल". ती नोट का तशी लिहायला लावली ते तिथे खुर्चीवर बसल्यावर कळलं. त्या दिवशी घरी येऊन बाथरूममधल्या सगळ्या बाटल्या उलट्या करून बघितल्या. ९० रुपयांच्या मॉइश्चरायझरवर पण बनवणाऱ्याचं नाव पत्ता आहे, लायसन्स नंबर आहे, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ते, आत काय काय आहे त्याची यादी. बाहेरून आलेल्या मालावर इम्पोर्टच्या रजिस्ट्रेशनचा नंबर पाहिजे. माझ्या १,२०० च्या डबीवर गुलाबाचं फूल होतं.

ऑफिसातल्या मैत्रिणीने मी सांगितल्यावर लगेच डबी टाकली, तिने दोन आठवडेच लावली होती, वाचली. धाकटी जाऊ ऐकेना. "ताई, तुम्हाला सूट झाली नाही, मला होतेय, मी तर एक दिवसाआड लावते." जूनमध्ये एकदा आणि गौरीच्या वेळी एकदा मी विषय काढला, दोन्ही वेळा वाद झाला, सासूबाईंनी पण मलाच गप्प केलं, म्हणे तुझ्याच तोंडून कौतुक ऐकून तिने घेतली ना. ते खरंच होतं, मी काय बोलणार. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. माहेरी गेलीय, डबी इथेच विसरलीय, चौथा दिवस. "ताई, तोंडाची आग आग होतेय हो, तुम्हाला पण अशीच झालेली का?" मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय मिरजेला, मीच घेऊन जाणारे. तिच्या कपाटातून डबी काढून पर्समध्ये आत्ताच टाकलीय.