विंडोज आणि लिनक्स: एकाच एसएसडीचे भाग पाडावेत की दुसरी घ्यावी?

हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचं टोकन यांपायी विंडोज सोडता येत नाही आणि लिनक्सवाचून काम अडतं. असं ज्यांचं आहे त्यांच्यापुढे खरा प्रश्न एवढाच उरतो: आहे त्याच एसएसडीचे भाग (पार्टिशन) पाडायचे, की लिनक्ससाठी वेगळी एसएसडी बसवायची? मी दोन्ही वापरलं आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण पहिला मार्ग मोडीत काढण्यासारखा अजिबात नाही.

त्यात खर्च नाही, मशीन उघडावं लागत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक, म्हणजे लहान, केला की जागा सुटते. कधी २०० जीबी मोकळे दिसत असूनही २०च सुटतात. ड्राइव्हच्या शेवटाकडे बसलेल्या न हलणाऱ्या फाइली अडवत असतात. हायबरनेशन (मशीन झोपवताना मेमरी डिस्कवर उतरवणं) आणि पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) बंद करा, रिस्टोअर पॉइंट पुसा, रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. मग पेजफाइल परत चालू करा, पण हायबरनेशन बंदच राहू द्या. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी लवकर सुरू करण्याची सोय) जातं, आणि ते गेलेलंच बरं, कारण ते चालू असेल तर लिनक्सला विंडोजच्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही. या सगळ्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

इथवर सगळं सुरळीत होतं. त्रास होतो तो नंतर, लिनक्सला दिलेले ६० जीबी भरत आले की. डिस्कवरची मांडणी डोळ्यांपुढे आणा: डावीकडे सी ड्राइव्ह, उजवीकडे विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आणि दोघांच्या मध्ये चेपलेलं लिनक्स. सी पुन्हा श्रिंक केला तर जागा लिनक्सच्या डावीकडे सुटते. उजवीकडे वाढणं सोपं असतं. डावीकडे वाढायचं तर पार्टिशनची सुरुवातच सरकवावी लागते, म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स सुरू होतं) पार्टिशन सरकवणारं जीपार्टेड चालवून आतला सगळा डेटा तुकड्या-तुकड्यानं उचलून मागे नेणं आलं. हे चालू असताना वीज गेली तर अर्धा डेटा नव्या जागी, अर्धा जुन्या जागी, आणि फाइलसिस्टिम मोडलेली. मग बॅकअप असेल तेवढंच आपलं. मिरगाच्या पहिल्या पावसात फोंडा-डिचोलीकडे तारांवर फांदी पडून वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम जून ते सप्टेंबर काढूच नये. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, तरीही धाकधूक राहतेच.

किती जागा लागेल हा अंदाज पहिल्याच दिवशी बरोबर यावा लागतो, आणि तो सहसा येत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. वेगळ्या एसएसडीवर हा अंदाज बांधावाच लागत नाही.

वेगळी एसएसडी घेतलीत तर एक खबरदारी मात्र सोडू नका. लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा: केबलनं जोडलेली साटा असेल तर केबल, बोर्डवर पट्टीसारखी बसणारी एनव्हीएमई असेल तर एकच स्क्रू. उबुंटूच्या इन्स्टॉलरच्या बऱ्याच आवृत्त्या, दुसरी डिस्क निवडली तरी, बूटलोडर (लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच, म्हणजे बूटलोडर ठेवण्याच्या छोट्या भागातच, टाकत. मग पुढे विंडोजची डिस्क काढली की लिनक्सही सुरू होत नाही, आणि दोन डिस्क घेण्याचा अर्थच जातो. एकटी डिस्क दिसली की इन्स्टॉलर तिच्यावरच स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करतो. नंतर दोन्ही जोडा आणि बायोसमध्ये लिनक्सची डिस्क पहिली ठेवा. विंडोजच्या अपडेटनं क्रम बदललाच तर सुरू होताना बूट मेनू उघडायचा: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९.

दोन डिस्क घेतल्या म्हणून सगळंच टळतं असं नाही. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट (सही तपासूनच बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्स सुरू होईना. जुने बूटलोडर नाकारण्याची नोंद त्या अपडेटनं केली होती, आणि ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये बसते, त्यामुळे डिस्क वेगळी असून उपयोग नव्हता. मशीनचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर आणि लिनक्स यूटीसी या जागतिक वेळेवर धरतं, त्यातून येणारा साडेपाच तासांचा फरकही दोन्हीकडे सारखाच; लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतो.

लॅपटॉपला एकच एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) असेल तर भाग पाडणंच योग्य. फक्त लिनक्सला सुरुवातीलाच १२० जीबी द्या, ६० नकोत. डेस्कटॉप असेल तर मी दुसऱ्या एसएसडीच्या बाजूनं. घेण्याआधी मदरबोर्डची पुस्तिका उघडून बघा: काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, काही स्लॉट फक्त साटा किंवा फक्त एनव्हीएमई घेतात. आणि दुकानातच तो बारीक स्क्रू मागून घ्या. एसएसडीच्या खोक्यात तो बहुधा नसतो, आणि तेवढ्यासाठी म्हापशाहून पणजीला पुन्हा फेरी पडते.