सामाईक लेआउटवर रोकोची काळी झेड-२१ : एका क्लब-सदस्याचा अभिप्राय

मॉडेल रेल्वेच्या घरच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या रुळांच्या मांडणीवर, एकटा माणूस एकच गाडी चालवत असतो, तेव्हा कोणतीही डिजिटल यंत्रणा चांगलीच वाटते. तिची खरी पारख होते ती क्लबात, जिथे पाच-सहा जण एकाच रुळांवर आपापली इंजिने घेऊन उभे असतात आणि कोणाच्या हातातल्या कंट्रोलरने कोणते इंजिन हलणार, हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. जर्मनीतल्या ज्या क्लबात मी जातो, तिथे रोको या मॉडेल रेल्वे कंपनीची काळी झेड-२१ ही डिजिटल नियंत्रणाची पेटी वापरात आहे आणि तिला मी याच एका कसोटीवर तपासतो आहे.

डीसीसी या डिजिटल नियंत्रणाच्या पद्धतीत रुळांत वीज कायम खेळत असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर, म्हणजे हुकूम वाचणारी छोटी चिप, फक्त स्वतःच्या पत्त्यावर आलेला हुकूम पाळतो. नवे इंजिन कारखान्यातून बहुधा ३ हाच पत्ता घेऊन येते. तो न बदलता दोघांनी आपली नवी इंजिने रुळांवर ठेवली, तर एकाच नॉबने दोन्ही निघतात. एक फलाटावरून आणि दुसरे यार्डातून, थेट उभ्या मालगाडीच्या अंगावर. म्हणून पत्त्यांची वही भिंतीला टांगलेली असणे कोणत्याही यंत्रणेइतकेच महत्त्वाचे आहे.

पत्ते वेगळे असले, तरी एक प्रश्न उरतोच. झेड-२१ कोणत्याही इंजिनावर एकाच कंट्रोलरचा हक्क राखून ठेवत नाही. ज्याचा हुकूम शेवटी पोहोचला, त्याचे इंजिन ऐकते. घरी ही सोयच आहे, पण सामाईक लेआउटवर कोणी फोनवरच्या ॲपमध्ये चुकून दुसऱ्याचे इंजिन निवडले, तर शंटिंग करणाऱ्याच्या हातून ते निसटते. १९८१ साली स्थापन झालेल्या फ्रेमो या मॉडेल रेल्वेप्रेमींच्या संस्थेच्या सदस्यांनी यावर काढलेला तोडगा मला फार पटतो : त्यांचा फ्रेडी हा साधा कंट्रोलर एका वेळी एकच इंजिन चालवतो, त्यामुळे इंजिन निवडताना घोटाळा होण्याचा प्रश्नच येत नाही. काळ्या झेड-२१ ला लोकोनेटचे, म्हणजे तारेने कंट्रोलर जोडण्याच्या जाळ्याचे, सॉकेट असल्यामुळे फ्रेडी तिलाही जोडता येतो आणि क्लबासाठी मला तिचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो.

फोनवरचे ॲप पाहुण्यांसाठी उत्तम आहे, कारण इंजिनाचे चित्र दिसते आणि दिव्यांची, शिट्टीची बटणे लगेच सापडतात. मात्र डबे जोडताना नजर कपलिंगवर हवी असते आणि गुळगुळीत काचेवर बोट किती सरकले, ते न पाहता कळत नाही. वायफायवर चालणाऱ्या रोकोच्या डब्ल्यूलॅनमाउस या हातातल्या कंट्रोलरचा नॉब मधोमध शून्यावर थांबतो, उजवीकडे पुढे आणि डावीकडे मागे. त्यामुळे यार्डात काम करणाऱ्याने तोच घ्यावा. त्यावरचे स्टॉपचे बटण मात्र सगळ्यांच्याच गाड्या थांबवते, हे नव्या सदस्याला आधी सांगून ठेवावे.

मुख्य रुळांसाठी मिळणारा ३.२ अँपिअरचा प्रवाह एच-झीरो (१:८७) या मॉडेल-आकाराच्या मध्यम लेआउटला पुरतो. पण एका सांध्यावर डबा घसरून शॉर्टसर्किट झाले की सगळाच लेआउट बंद पडतो, म्हणून क्लबाने बूस्टर, म्हणजे रुळांच्या एका भागाला स्वतंत्र वीज देणारे उपकरण, लावून निदान यार्ड तरी वेगळे करावे.

पांढरी झेड-२१ स्टार्ट स्वस्त पडते, पण तिला लोकोनेट नाही आणि वायफायसाठी वेगळा कोड विकत घ्यावा लागतो. क्लबासाठी ती घेऊ नये.