टायटल ट्रॅक की बॅकग्राउंड? मालिकेतलं कोणतं काम घ्यावं

एकाच मालिकेची दोन कामं समोर आली आणि एकच घ्यायचं असेल, तर बहुतेक नवे संगीतकार टायटल ट्रॅककडे धावतात. नाव तिथेच होतं, हे खरं आहे. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेची धून डॅनी एल्फमन यांची, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच मालिकेला १९९० ते २०१७ अशी २७ वर्षं पार्श्वसंगीत देणारे आल्फ क्लॉसन फारसे कुणाला आठवत नाहीत. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण जास्त कसब त्या दुसऱ्या कामाला लागतं.

टायटलचं काम छोटं, पण दडपण मोठं. अर्ध्या मिनिटात मालिकेची ओळख उभी करायची आणि ती शेजारच्या खोलीतही पटली पाहिजे. संगीतकार लालो शिफ्रिन यांनी १९६६ साली ‘मिशन इम्पॉसिबल’ या टीव्ही मालिकेला पाच मात्रांचा ठेका दिला, चाल कानावर पडण्याआधी तो ठेकाच ओळख सांगतो. चाल मंजूर करणारे मात्र अनेक असतात, त्यामुळे दहा-दहा मुखडे बाद होण्याची तयारी ठेवा.

बॅकग्राउंडमध्ये चालीपेक्षा कान महत्त्वाचा. दिग्दर्शकासोबत बसून संगीत कुठे सुरू होणार, कुठे थांबणार हे ठरवायचं. संवादांचे शब्द स्पष्ट होतात ते साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून तिथे व्हायोलिन गजबजवायचं नाही; खर्जातला एक लांब स्वर पुरतो. लयीचंही गणित असतं. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं, असतील तर १२५च्या टेम्पोत (मिनिटाला १२५ ठोके) प्रत्येक ठोका बरोबर १२ फ्रेमवर पडतो, १२०च्या टेम्पोत साडेबारावर. एवढं सगळं जुळवल्यावर एडिट बदलतो आणि चार सेकंद उडतात. शिवाय एडिटरने तात्पुरतं लावलेलं संगीत दिग्दर्शकाच्या कानात इतकं बसतं की ‘असंच हवं’ हा आग्रह सुरू होतो. नक्कल न करता त्यातला भाव तेवढा उचलणं, ही मला या कामातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

रोजच्या मालिकेत हे सगळं होतंच असं नाही. अनेकदा सुरुवातीलाच दुःख, संशय, लगबग असे तुकडे करून द्यायचे आणि पुढे एडिटर ते लावत राहतो. असं काम असेल तर प्रसंगावर संगीत लिहिण्याचा सराव मिळत नाही, म्हणून पद्धत कोणती आहे हे आधीच विचारून घ्या.

पैशांचं सरळ उत्तर नाही. रॉयल्टी क्यू शीटवर, म्हणजे कोणतं संगीत किती वेळ वाजलं याच्या यादीवर, नोंदलेल्या वेळेनुसार ठरते. रॉयल्टी वाटणाऱ्या काही संस्था टायटलला वेगळं वजन देतात, तर बॅकग्राउंडची मिनिटं भागागणिक साठत जातात. करारात सगळे हक्क एकरकमी विकले असतील, तर दोन्हीकडे पुढचं फारसं काही हाती न येण्याचा धोका असतो.

गळ्यात चाली असतील आणि दर आठवड्याची घाई झेपत नसेल, तर टायटल घ्या. पडद्यावरच्या प्रसंगासाठी संगीत अजून कधीच लिहिलं नसेल, तर मी बॅकग्राउंडच घ्यायला सांगेन. मात्र सही करण्याआधी एक वाक्य लिहून घ्या: टायटलची चाल पार्श्वसंगीतात वापरण्याची परवानगी. नायिका एकटी उरते त्या प्रसंगात तेच ओळखीचे चार स्वर संथ लयीत लागतील, तेव्हा ती परवानगी हाताशी हवी.