डोंगर मोकाट, बंद की पाळीपाळीने?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पर्जन्यछायेतल्या टेकड्यांवर माती कशीबशी वीतभर, खाली मुरूम. इथे गुरं चारायची कशी, हा विषय ग्रामसभेत निघाला की खापर शेळीवर फुटतं. माझ्या मते दोष शेळीपेक्षा जून-जुलैचा जास्त.

मोकाट चराईला छदाम लागत नाही. पण पहिला पाऊस पडला की कळप वर चढतात. कोंब दोन बोटं आलेला असतो, मेंढी तो पार बुडख्यापासून खुडते. गाईम्हशींचे खूर ओल्या मातीत रुततात, माती दाबली जाते, पाणी मुरायचं सोडून पळतं. रोजच्या उतरायच्या वाटेचा आधी ओघळ होतो, मग घळ. मारवेल हे चाऱ्याचं चांगलं गवत मागे हटतं, टोचणारी कुसळी माजते.

दुसरं टोक म्हणजे याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव. तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी जोडीने आली. गवत विळ्याने कापायचं, भारा घरी आणायचा, जनावर दावणीला. मुळं जागेवर राहतात, माती धरतात, शेणही उकिरड्यावर जमतं. सगळ्यात लवकर सुधारतो तो असा डोंगर. पण भारा बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर येतो, आणि ज्याला शेतच नाही, चार शेळ्याच आहेत, त्याने काय बांधावर चारायचं? संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत पाणलोटाच्या कामासाठी डोंगर बंद झाला, तेव्हा झळ मेंढपाळांनाच बसली.

मधला मार्ग पाळीचा: डोंगराचे चार तुकडे, दरवर्षी एक पूर्ण बंद, बाकी ठिकाणी बी झडल्यावरच कळप. कागदावर सोपं. गोम अशी की धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासोबत फिरणारी बिऱ्हाडं, दिवाळीनंतर दूर जातात आणि ऐन पावसाळ्यात, गवत कोवळं असतानाच, गावाकडे असतात. त्यांना त्या महिन्यांसाठी सपाटीवरचा तुकडा राखून दिला नाही, तर पाळी पहिल्याच वर्षी मोडते. राखणदाराचा पगार कोण देणार, हेही आधी ठरवा.

मुरूम उघडा पडलाय तिथे तीन-चार वर्षं बंदीच घाला. बाकी डोंगर पाळीने. ग्रामसभेआधी एकदा भर पावसात वर जा. गुरवाटेच्या ओघळातलं पाणी एका बाटलीत, गवताळ उताराखालचं दुसऱ्या बाटलीत भरा आणि दोन्ही सभेत टेबलावर ठेवा.