गावच्या टीमची जर्सी: ओरिजनल, फर्स्ट कॉपी की छापून घेतलेली?

दिवाळी झाली की आपल्याकडे फुटबॉल टुर्नामेंटचे फ्लेक्स लागायला लागतात. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचे पहिले वेचे निघालेले असतात, हातात थोडा पैसा असतो. आणि टीममधलं हंगामाचं पहिलं भांडण जर्सीवरून होतं. निम्म्या पोट्ट्यांना अर्जेंटिना पाहिजे असते, दोघंतिघं रिअल माद्रिदवर अडून बसतात, आणि जो घरोघरी फिरून पैसे गोळा करतो त्याला एकदाचं काम उरकायचं असतं. हे मुख्यतः त्या पैसे गोळा करणाऱ्यासाठी लिहितो आहे. एकट्याने स्वतःपुरती जर्सी घेणाऱ्याचं गणित वेगळं निघतं, ते शेवटी मांडलं आहे.

बाजारात चार पर्याय आहेत. कंपनीची ओरिजनल जर्सी. नागपूर-अमरावतीच्या बाजारात आणि मोबाईलवर मिळणारी फर्स्ट कॉपी, म्हणजे ओरिजनलची नक्कल. आपल्या डिझाइनची, सब्लिमेशनवर (म्हणजे उष्णतेने कापडात रंग उतरवून) छापून घेतलेली जर्सी. आणि साधा एकरंगी पॉलिएस्टरचा टी-शर्ट, त्यावर नंबर दाबून घेतलेला. माझं मत आधीच सांगतो: टीमसाठी छापून घेतलेली, एकट्यासाठी ओरिजनल. फर्स्ट कॉपी दोघांनीही घेऊ नये.

ओरिजनलचा विचार टीमसाठी लवकर संपतो. मोठ्या परदेशी क्लबची किंवा देशाची साधी जर्सी पाच हजारांच्या आसपास जाते. अकरा खेळणारे आणि तीन-चार बदली धरले तर सत्तर-पंचाहत्तर हजार झाले. एवढ्या पैशांत लोखंडी गोलपोस्ट, दोन जाळ्या आणि वर्षभर पुरतील एवढे बॉल येतात. त्यामुळे कुणी देणगीदार मिळाला तरी त्याला हा खर्च सुचवू नका, मैदानाचा सुचवा.

फर्स्ट कॉपीचा मोह मात्र खरा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलू. चारशे ते आठशे रुपयांत जर्सी आणि हाफपँट असा सेट मिळतो. दुकानदार ‘मास्टर कॉपी’, ‘थाई क्वालिटी’, ‘प्लेअर व्हर्जन’ अशी नावं घेत घेत भाव वर नेतो. लांबून पाहिलं तर फरक कळत नाही. गावातल्या पोट्ट्याला मेस्सीच्या रंगात मैदानात उतरायचं असतं, यात चुकीचं काहीच नाही. अडचण पुढे येते.

पहिली अडचण रंगाची. टुर्नामेंटला आलेल्या टीमांमध्ये दोन-तीन तरी आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांच्या निघतात. फुटबॉलच्या नियमांतला चौथा नियम साहित्याचा आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे असले पाहिजेत, आणि गोलकीपरचा रंग बाकी सगळ्यांपासून वेगळा असला पाहिजे, असं तो सांगतो. समोरची टीमही अर्जेंटिना घालून आली की कुणीतरी बिब (जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची बंडी) घालायचे, आणि बिब नसले तर एका टीमने सरळ बनियनवर खेळायचं. जर्सीसाठी गोळा केलेले पैसे तिथेच वाया गेले.

दुसरी अडचण नंबराची. तयार कॉप्या बहुतेक एकाच नावाच्या येतात: मेस्सीचा 10, रोनाल्डोचा 7. एकाच टीममध्ये चार जणांच्या पाठीवर 10. पंचाने पिवळं कार्ड दाखवून वहीत काय लिहायचं? माईकवर बसलेला कॉमेंट्रीवाला ओरडतो, ‘काहून रे बावा, सगळेच दहा नंबर?’ आणि ज्याने मैदानाच्या मध्यातून बॉल काढून गोल केला त्याचं नाव घ्यायचं राहून जातं. ज्या पोट्ट्याचं नाव गावात एरवी कुणी घेत नाही, त्याच्यासाठी माईकवरून आलेलं ते एक नाव फार मोलाचं असतं. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

तिसरी अडचण वर्षभराने कळते. मोठे क्लब जवळपास दर हंगामाला डिझाइन बदलतात. पुढच्या वर्षी दोन नवे पोट्टे टीममध्ये आले की तीच जर्सी बाजारात मिळत नाही. शिवाय खोटा लोगो लावून माल विकणं 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून असा माल पक्क्या बिलावर क्वचितच मिळतो, आणि बिल नाही म्हणजे रंग गेला तरी परत करायची सोय नाही. गावाच्या वर्गणीचा हिशेब द्यायचा असतो तेव्हा बिल लागतं.

छापून घेतलेली जर्सी

सब्लिमेशनमध्ये डिझाइन खास शाईने आधी कागदावर छापतात. मग तो कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली मिनिटभर दाबतात. शाईची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते. वर थर बसत नाही, त्यामुळे पापुद्रे निघत नाहीत आणि कितीही धुतलं तरी नंबर जागेवर राहतो. हे काम पॉलिएस्टरवरच होतं, सुती कापडावर रंग टिकत नाही.

इथे घरचे वडीलधारे हमखास म्हणतात, ‘सुती घे, अंगाला चांगलं.’ आपण कापूस पिकवणारी माणसं, हे आपल्याला लहानपणापासून पटलेलं असतं आणि रोजच्या वापराला ते बरोबरही आहे. खेळताना मात्र सुती टी-शर्ट घाम पितो, जड होतो आणि अंगाला चिकटून राहतो. कापूस नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे पॉलिएस्टरवर घाम पसरतो आणि उडून जातो. मार्चच्या उन्हात दुपारी तीनची मॅच असली की हा फरक दुसऱ्या हाफमध्ये जाणवतो.

भाव साधारण अडीचशे ते साडेचारशे रुपये जर्सीला, हाफपँट धरून चारशे ते सातशे. कापड, नग आणि हंगाम पाहून तो खालीवर होतो. म्हणजे खर्च फर्स्ट कॉपीएवढाच, आणि वर गावाचं नाव, प्रत्येकाचा नंबर, प्रत्येकाचं आडनाव.

मात्र ऑर्डर देताना डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिलं कापड. दुकानात तुकडा हातात घ्या आणि उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर ते पातळ आहे, भाव कितीही चांगला असो. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन विचारा, दीडशेच्या आसपास असेल तर आपल्या उन्हाला आणि आपल्या मैदानाला दोन्हीला चालतं. तुकडा दोन्ही हातांनी ताणा. ताणल्यावर रंगाखालून पांढरं फटफटीत दिसत असेल तर छपाई वरवरची आहे. मग त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच पसरला तर चांगलं, मोत्यासारखा घरंगळला तर घामही तसाच अंगावरून घरंगळणार.

दुसरं, कापून छापणार की शिवून छापणार ते विचारा. चांगले कारागीर पुढचा, मागचा, बाह्यांचा भाग वेगळा छापतात आणि मग शिवतात. काही जण तयार पांढऱ्या टी-शर्टवरच प्रेस मारतात. तिथे काखेत आणि शिलाईच्या घडीत पांढऱ्या रेघा राहतात. भाव कमी सांगितला की हीच गोष्ट तपासा.

तिसरं, आणि यावर मी अडून बसतो, गावाचं नाव देवनागरीत घाला. आपल्या मैदानावर बघायला येणारी आजी, शेतावरून येता येता धुऱ्यावर थांबलेला काका, यांना ते वाचता आलं पाहिजे. पण देवनागरीत छपाईचा घोळ होतो. तुमच्या मोबाईलवर नीट दिसणारं ‘मेश्राम’ किंवा ‘आत्राम’ दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर फुटतं, ‘श्र’ आणि ‘त्र’ तुटून वेगळेच होतात. डिझाइन करणाऱ्याला अक्षरं ‘कर्व्ह’ करून फाइल पाठवायला सांगा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि ती कुठेही उघडली तरी बदलत नाहीत. छपाईआधी प्रत्येक नाव ज्याचं त्यानेच वाचून हो म्हणायचं. नंबर मोठा आणि जाड ठेवा. पट्ट्यांवर बारीक नंबर लांबून वाचता येत नाही, म्हणून पाठ शक्यतो एकरंगीच असू द्या.

रंगाचंही तसंच. मोबाईलच्या काचेवर दिसतो तो रंग कापडावर हुबेहूब उतरत नाही. काळा कधी तपकिरीकडे झुकतो, लाल कधी केशरीकडे. एक नमुना काढून घेतल्याशिवाय पूर्ण ऑर्डरला हो म्हणू नका, नमुन्याचे वेगळे पैसे पडले तरी पडू द्या. मुलींची टीम असेल तर पांढरा आणि फिका पिवळा टाळा, घामाने भिजल्यावर अंगाला चिकटून ते आरपार दिसतात. गडद रंग, बाही थोडी लांब, घेर थोडा सैल असं त्यांना विचारूनच ठरवा. छापून घेण्यात ही सोय मिळते, तयार मालात नाही.

स्पॉन्सरवर दोन शब्द. कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, हायवेवरचा धाबा हे लोक मनापासून मदत करतात, त्यांचं नाव जर्सीवर असायलाच पाहिजे. पण छातीवर गावाचं नाव, स्पॉन्सर बाहीवर किंवा पाठीवर नंबराच्या खाली, हे आधीच ठरवून घ्या. बार्सिलोनासारख्या क्लबने 2006 पर्यंत छातीवर कुणाची जाहिरात घेतली नव्हती. पहिलं नाव आलं ते मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफ या संस्थेचं, आणि त्यासाठी क्लबनेच युनिसेफला पैसे दिले. आपल्याला तेवढं परवडत नाही, पण छातीची जागा राखणं परवडतं. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराने सगळा खर्च उचलतो म्हटलं तर विनंती करा की नाव जर्सीवर नको, बॅनरवर लावू. निकाल लागल्यावर अर्धं गाव त्या जर्सीकडे वेगळ्या नजरेने पाहतं आणि पोट्टे ती घालायचं टाळतात.

आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका आणि टुर्नामेंटच्या तीन आठवडे आधी ऑर्डर द्या. हंगामात सगळ्याच टीमा एकदम धावत येतात. दोन जर्सी नाव न घालता, नुसत्या नंबराच्या जास्तीच्या काढून ठेवा. कुणी ना कुणी ऐनवेळी येतोच. गोलकीपरची वेगळ्या रंगाची त्याच ऑर्डरमध्ये सांगा, नंतर एकटी छापायला दुप्पट भाव लावतात.

आपल्या काळ्या मातीचा डाग ओला असताना चोळला तर आत शिरतो. पूर्ण वाळू द्या, झटका, मग उलटी करून थंड पाण्यात धुवा. दगडावर आपटू नका, ब्रश मारू नका, मे महिन्याच्या भर उन्हात टाकू नका.

साधा टी-शर्ट आणि नंबर हा पर्याय शाळेच्या टीमला किंवा पहिल्याच वर्षी खेळणाऱ्यांना ठीक आहे. दोन-अडीचशेत काम होतं, चार दिवसांत हातात मिळतं. चिकटवलेला नंबर काही धुण्यांनंतर कडेने सुटतो एवढं धरून चाला.

एकट्याला घ्यायची असेल तर

इथे ओरिजनलला पर्याय नाही, पण कोणती आणि कधी हे महत्त्वाचं. कंपन्या एकच जर्सी दोन प्रकारांत विकतात. फॅनसाठीची थोडी सैल असते, तिचा लोगो बहुधा विणलेला किंवा शिवलेला असतो. खेळाडूंसारखी जी असते ती अंगालगत, पातळ, जाळीदार, लोगो उष्णतेने चिकटवलेला, आणि भाव बराच जास्त. दुसरी घेऊ नका. मुरमावर एकदा घसरलात, गोखरूत पडलात किंवा बॉल आणायला तारेच्या कुंपणातून गेलात की तिचे धागे ओढले जातात. साधी फॅन जर्सी आपल्याकडे जास्त टिकते.

खरी की खोटी हे पाहायला आतल्या शिलाईजवळच्या छोट्या टॅगवरचा कोड मोबाईलवर शोधा. बऱ्याच कॉप्यांवर दुसऱ्याच कुठल्या वस्तूचा कोड छापलेला असतो, शोधल्यावर बूट किंवा जॅकेट दिसतं.

वेळेचं म्हणाल तर 2026 चा विश्वचषक 11 जून ते 19 जुलै, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, 48 संघांचा. आपल्याकडे ते मृगाच्या पेरणीचे दिवस, घरातला पैसा बियाणं आणि खताला लागतो. नेमक्या त्याच काळात नव्या जर्सीचे भाव सगळ्यात चढे असतात. हंगाम उलटला की त्याच जर्सी सेलमध्ये उतरतात, आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या हातातही पैसा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावरच्या कपड्यावर 18. सेलमध्ये जर्सी अडीच हजारांच्या खाली आली तर करही कमी लागतो.

भारताच्या संघाची जर्सीही नजरेखालून घाला. 2023 पासून ती परफॉर्मॅक्स बनवते आणि परदेशी क्लबांच्या मानाने भाव आवाक्यातला आहे. सुनील छेत्रीचा 11 पाठीवर असलेला पोट्टा आपल्या मैदानावर दिसला तर मला फार आनंद होईल.

नाव-नंबर छापून घेण्याआधी विचार करा, कारण छापलेली जर्सी सहसा परत घेत नाहीत. क्लबचा खेळाडू निघून जातो. मेस्सी 2021 मध्ये बार्सिलोनातून पॅरिसला गेला, 2023 मध्ये तिथून मायामीला. नाव घालायचंच असेल तर देशाच्या जर्सीवर घाला. आणि ऑनलाइन मागवण्याआधी आपल्या पिनकोडवरून माल परत नेतात का ते पाहा. बऱ्याच खेड्यांत पार्सल पोहोचतं, पण साइज चुकली तर न्यायला कुणी येत नाही. तसं असेल तर तालुक्याला राहणाऱ्या मामाचा किंवा मावशीचा पत्ता द्या.