आधी सामान, मग सॅक: जुन्या नाशकात शिवून घेतलेल्या ट्रेकिंग सॅकचा दोन वर्षांचा अनुभव

सॅकचा उजवा पट्टा सुटला तेव्हा मी हरिहर किल्ल्याच्या कातळातल्या उभ्या पायऱ्यांवर साधारण मध्यावर होते. दोन्ही हात कडेच्या खोबण्यांत, वर मैत्रिणीची टाच, खाली कॉलेजची दोन मुलं. सगळं वजन एकदम डाव्या खांद्यावर आलं आणि अंग बाहेरच्या बाजूला ओढलं गेलं. खालच्या मुलाने सॅकचं बूड हाताने दाबून धरलं आणि तशीच एकेक पायरी करत मी वरच्या दरवाज्यापर्यंत पोचले. तिथे बसून सॅक मांडीवर उलटी घेतली. पट्टा फाटला नव्हता, टीप उसवली होती.

मी मखमलाबाद रोडला बावीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते, त्यामुळे काय झालं ते लगेच दिसलं. पट्ट्याचं टोक शिवणीत जेमतेम अर्धा इंच घेतलेलं, वरून एकच टीप, आणि शेवटाला उलटी टीपसुद्धा मारलेली नाही. ज्या जागेवर सगळं वजन येतं, तिथेच हे. सॅक कंपनीची होती, चोवीसशे रुपयांची, बाहेरून दिसायला सुरेख. त्या दिवसापासून मी कुठलीही सॅक आधी आतून बघते, रंग नंतर.

घरी दुरुस्त करून पाहिली. माझ्या मशीनला सोळा नंबरची सुई लागते. फोम, दुहेरी कापड आणि नवार असा थर तिच्या आवाक्यातला नाही. दोन सुया मोडल्या. मग आमच्या गल्लीतल्या ढोल पथकाच्या मुलाने सांगितलं, भद्रकालीच्या मागच्या अंगाला एक चाचा बॅगा शिवतात, त्यांच्याकडे जा. शाळेची दप्तरं, वायरमनच्या हत्यारांच्या पिशव्या आणि गणपतीच्या आधी दोन महिने नुसत्या ढोलाच्या खोळी, असं त्यांचं काम. दुकानाला पाटी नाही. एकटे शिवतात, म्हणून पत्ता कुठे लिहू नका असं त्यांनी स्वतःच सांगितलंय, तेव्हा लिहीत नाही. पण त्यांनी जी पद्धत वापरली ती कुठल्याही बॅगवाल्याकडे नेता येईल, आणि तयार सॅक घेणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

मी गेल्या गेल्या म्हटलं, तीस लिटरची सॅक शिवायची आहे. ते म्हणाले, "लिटर राहू द्या ताई. डोंगरावर जे जे नेता ते सगळं घेऊन या. एक वस्तू घरी ठेवू नका. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या दोन पिशव्या भरून गेले. त्यांनी कापड बेतायचं टेबल रिकामं केलं आणि मला सगळं मांडायला लावलं. एक लिटरच्या दोन बाटल्या, अर्ध्या लिटरची एक. चहाचा थर्मास. जेवणाचा डबा. जर्किन. कपड्यांचा जोड. मोठा टॉवेल. बसायला चादर. छत्री. टॉर्च, पॉवर बँक, औषधांची डबी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, कोंडाजीचा चिवडा. वर्षानुवर्षं मी हे भरत आले होते, पण सगळं एकत्र कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर जुन्या सॅकसकट वजन केलं: सात किलो चारशे.

चाचांनी डोंगर कधी चढलेला नाही. ते फक्त एकेक वस्तू उचलायचे आणि विचारायचे, ही मागच्या वेळी बाहेर काढली होती का? छत्री? हरिहरवर दोन्ही हात दगडाला लागतात, छत्री कशी धरणार! अंजनेरी गडाच्या पठारावर पावसाळ्यात वारा असा की ती उलटीच होते. बाद. थर्मास बाद. टॉवेलच्या जागी पंचा: हलका, लवकर वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो. चादरीचा विषय त्यांनीच सोडवला. पाठीच्या बाजूला फोमचा तुकडा शिवून न टाकता त्याला कप्पा केला; फोम बाहेर ओढला की आसन, आत सरकवला की पाठीला आधार. मला ही सॅकमधली सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

टॉर्चवर मात्र आमचं जुंपलं. ते म्हणाले, दिवसाउजेडी परत येता तर कशाला? मी ऐकलं नाही. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि दरीच्या बाजूने उतरत असाल तर उजेड त्याच्याही आधी जातो. एखादीचा पाय मुरगळला की दोन तासांच्या उतरणीला चार तास लागतात. मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात गेला आणि फोनची बॅटरीही गेली. डोक्याला बांधायचा टॉर्च ऐंशी ग्रॅमचा. तो कायम सॅकमध्येच राहतो, घरी काढतसुद्धा नाही.

पाण्यालाही हात लावू दिला नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, तिथे काटकसर चालत नाही. हिवाळ्यात मी अडीच लिटर नेते, होळीनंतर साडेतीन. गडावर टाकी असतात, पण उन्हाळ्यात कुठलं आटलेलं असतं, कुठल्याचं पाणी हिरवं झालेलं असतं. एक बाटली बरोबर एक लिटरचीच असावी, यालाही कारण आहे: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. घाईत अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणाऱ्या बायका मी पाहिल्यात. द्रावण घट्ट झालं की त्याने फायदा व्हायच्या ऐवजी त्रास होतो.

अजून एक, जे यादीत कुणी उघड लिहीत नाही: सॅनिटरी पॅड आणि वापरलेलं परत आणायला जाड कागद आणि घट्ट बंद होणारी पिशवी. तारीख नसली तरी नेते. आम्ही सहा जणी असतो, कुणाला ना कुणाला लागतंच.

हे सगळं ठरल्यावर चाचांनी उरलेलं सामान एकावर एक रचलं आणि टेप लावली. सेहेचाळीस सेंटीमीटर उंच, अठ्ठावीस रुंद, अठरा खोल. गुणाकार केला तर जेमतेम तेवीस लिटर. मी तीसचा हट्ट धरून बसले होते! मोठी सॅक घेतली की रिकामी जागा आपण भरतोच, ही माझी सवय मला त्या टेबलावर कळली. नव्या सॅकसकट, पाण्यासकट भरलेलं वजन आलं पाच किलो सातशे, आणि त्यातही जवळजवळ अर्धं पाणीच, जे उतरताना संपत आलेलं असतं.

आता शिवणकामाबद्दल. कापड आतून लेप दिलेलं जाड नायलॉन. चेन दहा नंबरची, दोन रनरची. ड्रेसला आपण तीन नंबरची लावतो, त्यावरून जाडी समजा. धुळीत आणि मुरमात बारीक दात लवकर बसतात. खांद्याच्या पट्ट्याचं टोक त्यांनी दोन इंच आत घेतलं, चौकोन आणि मध्ये फुली अशी टीप मारली आणि वर जाड नायलॉन धाग्याने जवळजवळ टाके घातले. मी समोर बसून पाहत होते. शिवून झाल्यावर त्यांनी पट्टा छताच्या हुकाला अडकवला आणि सॅकमध्ये भिजलेल्या वाळूची गोणी घालून रात्रभर टांगून ठेवली. सकाळी शिवणीवर नख फिरवून मला दाखवलं, एक टाका सरकला नव्हता. कंबरेचा पट्टाही मागून घेतला. तो कमरेच्या हाडावर बसला की खांदे मोकळे होतात, आणि उतरताना सॅक पाठीवर डुलत नाही.

पहिली चाचणी रामशेज किल्ल्यावर. नाशिकपासून जवळ, चढ सोपा, काही चुकलं तर तासात घरी. आणि चुकलंच: लेस बांधायला वाकले तर बाजूच्या कप्प्यातली बाटली घरंगळत खाली गेली. कप्पा उथळ होता. रामशेजवर ठीक, हरिहरवर हीच बाटली खालच्या माणसाच्या डोक्यात बसली असती. चाचांनी काही न बोलता कप्पा चार बोटं वाढवला, वर इलॅस्टिक घातलं आणि बाटलीच्या मानेला अडकवायला एक फास दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग हरिहर, त्याच पायऱ्या. मुख्य पायऱ्या संपल्यावर दरवाज्यातून पुढे कातळाच्या पोटाखालून वाकून जावं लागतं, तिथे खांद्यांच्या वर आलेली सॅक छताला घासते आणि माणूस दरीच्या बाजूला लोटला जातो. जुन्या सॅकला तिथे दोनदा ओरखडे आले होते. ही सॅक कुठेही लागली नाही. मी वरून परत आले तेव्हा उजव्या पट्ट्याला हात लावून पाहिलं, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

पाऊस हा हिचा कच्चा भाग. जुलैत अंजनेरीला गेलो. वर पावसाचं कव्हर घातलं होतं, तरी घरी आल्यावर कपड्यांचा जोड ओला. कारण साधं आहे. कव्हर बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडची उघडीच राहते. मानेवरून आणि पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी तिकडून शिरतं. शिवाय कापडाला लेप असला तरी सुईच्या प्रत्येक टाक्याला भोक असतंच, आणि चाचांकडे शिवणीवर आतून चिकटवायची पट्टी नाही. आता मी कव्हर नेतच नाही. किराणा दुकानातून साखरेच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी मागून आणली, ती सॅकच्या आत घालते, सामान त्यात, तोंडाला पीळ देऊन गाठ. त्यानंतर तीन वेळा मुसळधार पावसात भिजले, आतला सदरा कोरडा राहिला. ओल्या अंगाने वाऱ्यात बसल्यावर कोरडा सदरा काय असतो, ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आणि तो सदरा सुती नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, अंगावर वाळत नाही.

बाकीच्या तक्रारी: पाठीला जाळी नाही, त्यामुळे एप्रिलात पाठ चिंब होते. खांद्याचा फोम दीड वर्षात दबला. बदलून मिळाला, दीडशे रुपये लागले. रिकामी सॅक साडेसातशे ग्रॅम भरते, जाड कापडाचं वजन आहे. आणि आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लावले, तेही मी चार चकरा मारल्यावर. ढोलांच्या हंगामात तर त्यांच्याकडे जाऊच नका. शिलाई आणि सामान धरून सोळाशे रुपये पडले.

खाऊचा कप्पा मी आतल्या बाजूला करून घेतला, ते बरं झालं. ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर माकडं हातातली पिशवी सोडत नाहीत, आणि बाहेरचा कप्पा फुगलेला दिसला तरी जवळ येतात. लटकतं काहीच ठेवत नाही. चाचांनी छातीच्या पट्ट्याला एक शिट्टीही अडकवून दिलीय, ती ढोल पथकाचीच.

जपणूक म्हणाल तर एवढंच करते: आल्या दिवशी रिकामी करून, उलटी करून सावलीत वाळवते. ओलसर गुंडाळून ठेवली की आतला लेप चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. माझ्या दोन मैत्रिणींच्या सॅक अशाच गेल्या. मशीनमध्ये टाकत नाही, मऊ ब्रशने पुसते.

आता नणंदबाईंना हवी आहे. त्या माझ्याहून बुटक्या, म्हणून ब्लाउजची पाठ मोजते तसं माप घेतलं: मान पुढे झुकवल्यावर जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या रेषेपर्यंत. माझं एक्केचाळीस सेंटीमीटर, त्यांचं अडतीस. म्हणजे सॅकही त्याच बेताने ठेंगणी लागणार. काल रात्री त्यांचं सामान आमच्या हॉलमध्ये चटईवर मांडलं, छत्री आणि मोठा टॉवेल बाजूला काढला. येत्या सोमवारी त्यांना पिशव्यांसकट चाचांकडे घेऊन जाते आहे.